एमजीबीला चाकं कुठली घालावीत? आधी ड्रमवर काय आहे ते बघा

मालक, सगळ्यात आधी ती जुनी पत्र्याची चाकं भंगारवाल्याला देणार म्हणताय, ते थांबवा. कारण खाली येईलच.

ज्यांनी प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सासऱ्यांची १९६६ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी), डेंटिंग-पेंटिंग झालंय, गाडी हिरव्या रंगात उभी आहे, आता चाकं हवीत. यांच्या मनात तीन पर्याय आहेत: क्रोमची ७२ स्पोकची, मिनिलाइट पद्धतीची १५ इंची ७ इंच रुंद अलॉय (त्यावर १९५/५५चे टायर), नाहीतर रोस्टाइल (पत्र्याचीच, पण आऱ्यांसारखी नक्षी दाबलेली चाकं). आणि विचारलंय की "त्या काळाची वाटतील" अशी यातली कुठली.

तुम्ही फोटो बाहेरून काढलेत, पण एका फोटोत मागच्या ब्रेकचा ड्रम उघडा दिसतो आणि त्यावर चार स्टड, म्हणजे चाकाचे नट बसतात ते बोल्ट, आहेत. माझं अर्धं उत्तर तिथंच झालं. एमजीबी कारखान्यातून दोन प्रकारांत यायची. एक चार नटांची पत्र्याची चाकं, दुसरी स्पोकची. स्पोकच्या गाडीत चाक स्टडवर बसत नाही, तिथं दातेरी हब असतो, चाक त्यावर सरकवून मधोमध एकच मोठा, कान असलेला नट ठोकायचा. फरक नुसत्या हबचा नाही. स्पोकच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सलच आखूड असतो. म्हणजे तुमच्या गाडीला खरी स्पोकची चाकं लावायची तर अ‍ॅक्सल शोधा, पुढचे हब शोधा, किंवा बाहेरून कन्व्हर्जनचे हब मागवा.

तुम्हाला जो कुणी "अ‍ॅडॉप्टर लावू, दोन तासांचं काम" म्हणाला, तो खोटं बोलत नाही, पण पुढचं सांगत नाही. अ‍ॅडॉप्टर म्हणजे स्टडवर बसणारा दातेरी तुकडा. तो लांब अ‍ॅक्सलवर बसला की मागचं चाक बाहेर येतं. दोन माणसं बसून खड्ड्यात गेलात की टायर मडगार्डच्या कडेला घासणार. शिवाय मूळ स्टड लांब राहिले तर चाक हबच्या निमुळत्या कोनावर (शंकूवर) पूर्ण बसत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते कळतही नाही.

स्पोकच्या चाकांचा मी शत्रू नाही. माझी १९६४ची मूळची स्पोकचीच आहे आणि उन्हात उभी असली की आजही मन भरत नाही. पण ती चाकं सांभाळणं काय असतं ते ऐका. काही वर्षांपूर्वी मागच्या बेअरिंगचं काम एका गॅरेजात करून घेतलं. गॅरेज कुठलं ते विचारू नका. जोडताना त्यांनी डावा हब उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. या हबचे आटे दोन्हीकडे वेगळे असतात, डावीकडे सरळ आणि उजवीकडे उलटे. नट सुटण्याची दिशा गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेनं फिरतं तीच असते. ऐकायला उफराटं वाटतं, पण आतल्या कोनावर नट किंचित घरंगळतो आणि ते घरंगळणं त्याला घट्ट होण्याकडे नेतं. बाजू बदलली की तेच घरंगळणं नट सोडवत बसतं.

बायकोला घेऊन तुळजापूरला निघालो होतो. शहर सोडून थोडं पुढे गेल्यावर मागून टक... टक. वाटलं टायरच्या खाचेत खडा अडकलाय. वेग कमी केला तर आवाज वाढला. उतरून मागच्या चाकाच्या नटाचा कान धरला आणि तो बोटांनी फिरला! ज्या नटाला सोडवायला तांब्याचा हातोडा लागतो, तो पाण्याच्या बाटलीच्या झाकणासारखा फिरत होता. शेजारच्या ढाब्यावरून लाकडाचा ठोकळा आणला, नट ठोकला आणि दर दोन किलोमीटरला उतरून तपासत घरी आलो. बायको अजूनही त्या गाडीतून तुळजापूरला यायला तयार नाही.

हब बदलून घेतले तेव्हा दुसरी गोष्ट कळली. दाते झिजले होते. तपासायला यंत्र लागत नाही. चाक काढा, हबच्या दात्यांवरून बोट फिरवा. दात्याचा माथा सपाट लागला तर जीव आहे, करवतीसारखा टोकदार लागला तर हब गेला. आणि झिजलेला हब नव्या चाकाचेही दाते खातो, त्यामुळे फक्त चाकं नवी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. जॅकवर घेऊन एकाला ब्रेक दाबायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. खट् वाजलं की समजा.

७२ स्पोकच्या क्रोमबद्दल. १९६६च्या एमजीबीला कारखान्यातून यायची ती ६० स्पोकची, आणि चंदेरी रंगाची. ७२ स्पोकची जास्त मजबूत, हे खरं. पण चमकदार क्रोम हा बहुतेक गाड्यांवर नंतरचा हौसेचा थर असतो. "इथं कुणाकडून तरी क्रोमिंग करून घेतो" असंही तुम्ही लिहिलंय. स्पोकचं कधीच करू नका. मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो, नंतर नीट भट्टीत तापवून तो काढला नाही तर स्पोक ठिसूळ होतो आणि भर रस्त्यात तुटतो. बाकी धुण्या-पुसण्याचं गणित तुम्हीच करा: स्टेपनी धरून पाच चाकं, प्रत्येकी ७२, म्हणजे ३६० काड्या. आपलं सोलापूर टॉवेलचं असलं तरी इतके टॉवेल घरात नसतात.

रोस्टाइलचं लवकर उरकतो. ती एमजीबीवर आली १९६९च्या शेवटी, १९७०च्या मॉडेलसाठी. तुमची गाडी १९६६ची, क्रोमच्या जाळीची. जाणकार माणूस पहिल्या नजरेत ओळखेल.

मिनिलाइटचं मात्र तसं नाही. आठ आऱ्यांची ती चाकं साठच्या दशकातलीच, मिनी कूपरच्या रॅलींमुळे गाजलेली. तेव्हाच्या हौशी माणसानं एमजीबीला ती लावली असती, त्यामुळे काळाला धरून आहेत. मूळची मॅग्नेशियमची असत. तसली जुनी कुणी देऊ केली तर हात जोडा, पन्नास वर्षांत तो धातू आतून खातो आणि चिरा जातात. आजची अ‍ॅल्युमिनियमची नक्कल घ्या, पण १४ इंची आणि साडेपाच इंच रुंद. तुम्ही म्हणता त्या १५ बाय ७ला मडगार्डची कड दुमडावी लागेल. १९५/५५ आर १५ टायरची उंची मूळ मापापेक्षा सुमारे चार टक्के कमी, त्यामुळे स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ९६वर असेल. ते एक वेळ चालेल. पण त्या टायरची बाजूची भिंत जेमतेम १०७ मिलिमीटर. आपल्या रस्त्यांवर तेवढी पुरत नाही.

मडगार्ड दुमडण्यावरून आणखी एक. जुलै २०२१मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, 'व्हीए' अक्षरांच्या नंबरप्लेटचे. त्यात गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, अशी अट आहे. कधी ना कधी तुम्ही तो अर्ज करणार. चाकं परत बदलता येतात, कापलेला पत्रा परत येत नाही.

"पीसीडी जुळतो, मारुतीची अलॉय बसतील" असंही कुणीतरी खाली लिहिलंय. पीसीडी म्हणजे स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास; जुन्या मारुती ८००चाही ४ बाय ११४.३च, म्हणजे चार स्टड आणि ११४.३ मिलिमीटर, हे बरोबर. पण ती १२ इंची, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या चाकांचा ऑफसेट (चाकाची टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती बाहेर ते) बहुधा जास्त असतो. तसलंच मोठं चाक शोधून आणलंत तर ते आत ओढलं जातं आणि टायर आतून घासतो. मग मध्ये स्पेसरची चकती, मग लांब स्टड. नको.

आता माझं मत. पत्र्याचीच चाकं घाला. पाचही चाकांचा जुना रंग सोलून घ्या आणि डायल गेज (घड्याळासारखं मापयंत्र) लावून चाक फिरवताना किती आउट, म्हणजे वाकडी, आहेत ते बघा. गंज रिम आणि मधल्या ताटलीच्या जोडावर शोधा, बाहेरून दिसतो तो गंज कामाचा नसतो. चांगली निघाली तर चंदेरी रंग. पावडर कोटिंग करणार असाल तर नट बसायच्या निमुळत्या जागा आणि ड्रमला टेकणारी बाजू झाकायला सांगा. तिथं जाड थर बसला की तो नंतर दबतो आणि नट सैल पडतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचेच.

टायरसाठी मुंबई गाठायची गरज नाही. एमजीबीला त्या काळी रेडियलमध्ये १५५ आणि १६५चे १४ इंची टायर चालत. आज आपल्या टॅक्सीवाल्या डिझायरला येतो तो १६५/८० आर १४ जवळजवळ तोच. भिंत १३२ मिलिमीटरची, फुगीर, आणि गाडीवर बसला की रूपच बदलतं. सोलापुरात कुठल्याही टायरवाल्याकडे मिळेल. रिमच्या आतल्या काठाला ट्यूबलेसचा उंचवटा आहे का बघा, नसेल तर रेडियलला चालणारी ट्यूब घाला. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतला कागदी स्टिकर खरवडून काढा. पंक्चरवाला हसेल, हसू दे. मे महिन्यात त्याच स्टिकरच्या कडेनं माझी ट्यूब घासून फाटली होती.

हबकॅप डब्यात असतील तर त्यावरची अक्षरं घासू नका, नुसती साबणानं धुवा. मी रविवारी सकाळी होटगी रोडलाच असतो. स्टेपनीसकट पाचही चाकं रिक्षात टाकून आणा, डायल गेज माझ्याकडे आहे. आणि येताना मागच्या ड्रमचा सरळ समोरून एक फोटो काढून आणा, स्टडचे आटे कितपत राहिलेत ते मला बघायचंय.