ब्लू टिक आली, पण आत्या बोलत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकला असते, वय ४४, बँकेत आहे. माझी सख्खी आत्या कराडला असते. तीन महिन्यांपूर्वी आतोबा अचानक गेले, नेमकं मार्च एन्डिंग, रजा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून फॅमिली ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकलं आणि आत्याला वेगळा मोठा मेसेजही केला. ब्लू टिक आली, उत्तर नाही. नंतर कामाच्या गडबडीत जाणं राहिलं ते राहिलंच. आता आई सांगते की आत्या म्हणाली, भाचीने हात जोडलेले पाठवले. खूप लागलं मला. मी तिला रोज गुड मॉर्निंग पाठवते, एकही वाढदिवस चुकवला नाही. हल्ली सगळे असंच करतात ना? एवढ्यावरून नातं तुटतं का?

उत्तर : नातं तुटलेलं नाहीये हो. तुटलं असतं तर तिने तुमच्या आईजवळ बोलूनही दाखवलं नसतं.

ब्लू टिकवर फार विचार करू नका. मेसेज उघडला गेला एवढंच तिच्यावरून कळतं. त्या दिवसांत आत्याचा फोन तिच्याच हातात होता का हेसुद्धा सांगता येत नाही, अशा घरात फोन सून बघते, नातू बघतो.

तुमचे रोजचे मेसेज खोटे होते असं मी अजिबात म्हणणार नाही. लांब राहणाऱ्या माणसांना त्याचा खरंच आधार असतो. आणि समक्ष न जाता निरोप देणं काही फोनपासून सुरू झालं नाही, लग्नपत्रिकेवर आधीपासून छापतातच की, वेळेअभावी समक्ष येऊ शकलो नाही, हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं, आणि लोक ते समजून घेऊन लग्नाला येतात. दुखवट्याची पत्रंही यायची, पण ती लांबच्या ओळखीतून. सख्खी भाची पत्र पाठवायची नाही, ती यायची. शिवाय तुम्ही आत्याच्या माहेरच्या आहात! नवरा गेल्यावर बाई दाराकडे बघते ते माहेरचं कोण येतंय म्हणून, हे तुमच्या लक्षात आलं नसावं.

भेटायला येणारा प्रत्येक जण काय विचारतो आठवा. कसं झालं हो अचानक? आणि घरचं माणूस परत पहिल्यापासून सांगतं, सकाळी चहा घेतला, मग म्हणाले जरा पडतो, मग हाक मारली तर ओ नाही... बाजूच्याला वाटतं किती वेळा तेच, पण ते सांगून सांगूनच छातीवरचं ओझं थोडं उतरतं. मेसेजमध्ये तुम्ही कितीही चांगलं लिहिलं असेल तरी हे तिला सांगायला मिळालं नाही, आणि मला वाटतं तिची खरी तक्रार तीच आहे.

तर जा. उशीर झालाय पण जा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तुम्हाला सुट्टी असते, शुक्रवारी रात्रीच निघा. आधी फोन करा, मेसेज नको, एवढंच सांगा की आत्या मी येतेय, रात्री राहणार आहे. गेल्यावर मार्च एन्डिंगचं स्पष्टीकरण लगेच देऊ नका, तिने विचारलं तर द्या. तिच्याजवळ बसा आणि विचारा, कसं झालं गं. मग ती बोलेल तेवढं ऐका, रडली तर रडू द्या. फोन पर्समध्ये ठेवा, आणि भेटीचा फोटो कृपा करून ग्रुपवर टाकू नका. परत आल्यावर मेसेज चालू ठेवाच, पण आठवड्यातून एकदा तरी कॉल करा, तिचा आवाज ऐकून कळेल कशी आहे ते.

प्रश्न : घरात चार माणसं, चार फोन, जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही. फोन बंदचा नियम केला तर मुलगा म्हणतो, बाबा तुम्हीच ऑफिसचे कॉल घेता. काय करू? (एक वडील, पिंपरी)

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला, की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. कोरोनात ऑनलाईन शाळेमुळे मुलांच्या हातात आलेला फोन सुटेना म्हणून गावाने हे ठरवलं, पण बंद सगळ्यांनाच होतं, मोठ्यांनासुद्धा, आणि मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडली. तुमच्या घरात भोंगा नाही, पण कुकरची शिट्टी आहे ना? ती झाली की टीव्हीशेजारी पहिला फोन तुमचा ठेवा, सायलेंटवर, पालथा. ऑफिसला आजच कळवा की साडेआठ ते साडेनऊ मी उचलणार नाही. मुलाला आठवडाभर काहीच म्हणू नका, त्याचा फोन त्याच्या हातात असला तरी.