वाचकांचे प्रश्न : रीडरचा दिवा लागतो, पण कार्ड ओळखले जात नाही

प्रश्न (वास्को) : कार्यालयातल्या संगणकावर डेबियन लिनक्स आहे. यूएसबी स्मार्ट कार्ड रीडर जोडला की दिवा लागतो, पण कार्ड घातल्यावर काहीच होत नाही. सोबतची सीडी विंडोजची आहे. ड्रायव्हर कुठून आणायचा?

उत्तर : सीडी बाजूला ठेवा. बहुतेक यूएसबी रीडर सीसीआयडी हे कार्ड रीडरांसाठीचे सामाईक मानक पाळतात. त्यांचा मुक्तस्रोत ड्रायव्हर, लिबसीसीआयडी, डेबियनच्या सॉफ्टवेअर-भांडारातच आहे. दिवा लागला म्हणजे रीडरला वीज मिळते, इतकेच.

आधी जोडलेल्या यूएसबी उपकरणांची माहिती देणारी 'एलएसयूएसबी -व्ही' ही आज्ञा टर्मिनलमध्ये चालवा (आज्ञा टाइप करताना रोमन छोटी अक्षरे वापरा). रीडरच्या नोंदीत इंटरफेस क्लास 11 दिसायला हवा. काही जुन्या रीडरांत 255 दिसतो. त्यांतलेही काही चालतात. उत्पादक आणि उत्पादनाचा क्रमांक तिथेच मिळतो. लिबसीसीआयडीचे कर्ते लुडोविक रूसो चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या रीडरांची यादी ठेवतात, तीत तो शोधा. नवा रीडर घेणाऱ्याने तर हे पैसे देण्याआधीच पाहावे, खोक्यावरच्या छापील शब्दांवर विसंबू नये.

मग ड्रायव्हर आणि सोबतचे प्रोग्राम बसवण्यासाठी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पीसीएससीडी लिबसीसीआयडी पीसीएससी-टूल्स ओपनएससी' आणि त्यानंतर 'पीसीएससी_स्कॅन' चालवा. रीडरचे नाव दिसेल. कार्ड घातल्यावर 3बी किंवा 3एफ ने सुरू होणारी अंकांची ओळ, म्हणजे एटीआर (कार्डाने दिलेले पहिले उत्तर), उमटेल. ती उमटली की ड्रायव्हरचे काम संपले.

एलएसयूएसबीत रीडर आहे, पण स्कॅनमध्ये नाही? मग बहुधा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तो धरून ठेवला आहे. जीएनयूपीजी हा कूटलेखनाचा प्रोग्राम वापरत असाल तर त्याचा कार्ड हाताळणारा भाग, एससीडीमन, रीडर थेट उघडतो. एससीडीमन.कॉन्फ फाइलमध्ये 'डिसेबल-सीसीआयडी' लिहा आणि 'जीपीजीकॉन्फ --किल एससीडीमन' चालवा. एसीआर122यू सारख्या स्पर्शविरहित रीडरवर कर्नलचे पीएन533_यूएसबी मॉड्यूल ताबा घेते. ते ब्लॅकलिस्ट करावे, म्हणजे आपोआप सुरू होण्यापासून रोखावे लागते. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून जोडून, चाचणी घेत असाल तर पोलकिट ही परवानग्या तपासणारी यंत्रणा परवानगी नाकारू शकते, म्हणून आधी संगणकासमोर बसूनच पाहा.

रीडर दिसतो पण कार्ड मुके राहते, तेव्हा आधी चिपची बाजू उलटी नाही ना, ते बघा. मग संपर्क. वास्कोच्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, रीडरच्या आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर थर चढतो. रीडर यूएसबीतून काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने चिप पुसा, वाळू द्या आणि कार्ड चार-पाच वेळा आतबाहेर करा. पट्ट्या टाचणीने खरवडू नका. त्या वाकल्या तर रीडर गेलाच.

प्रश्न (म्हापसा) : उबुंटूवर एटीआर उमटतो, पण फायरफॉक्स प्रमाणपत्र दाखवत नाही.

उत्तर : आधी 'पीकेसीएस15-टूल --लिस्ट-सर्टिफिकेट्स' चालवा. इथेही यादी रिकामी आली तर कार्डातली माहिती वाचणाऱ्या ओपनएससीला त्या कार्डाची मांडणी कळत नाही. कार्ड देणाऱ्याकडे लिनक्सची पीकेसीएस11 लायब्ररी (ब्राउझरला कार्ड वापरू देणारी फाइल) मागा. यादी आली, तर फायरफॉक्सच्या सिक्युरिटी डिव्हायसेसमध्ये 'लोड' दाबून 'ओपनएससी-पीकेसीएस11.एसओ' निवडा. फायरफॉक्स स्नॅपचा (उबुंटूच्या बंदिस्त पॅकेज-पद्धतीचा) असेल तर त्या बंदिस्तपणामुळे हे अडू शकते. तसे झाले तर मोझिलाच्या भांडारातले डेब पॅकेज वापरा. पिन मात्र अंदाजाने टाकू नका, बरीच कार्डे तीन चुकांनंतर कुलूपबंद होतात.