गोळी पोटात गेली, पण औषध अडलं कुठे?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या रेणूचे आकडे पाहिले. डोस २०० मिलिग्रॅम, वीक बेस (सौम्य अल्क), पीकेए ५ (म्हणजे पीएच ५ ला निम्मे रेणू आयनरूपात). पीएच १.२ ला मिलिलीटरमागे ५ मिलिग्रॅम विरघळतो आणि ६.८ ला जेमतेम ०.०२. उंदरांना तोंडावाटे दिल्यावर रक्तात फारसं काही दिसत नाही, म्हणून आता नॅनो-मिलिंग (कण अतिसूक्ष्म दळणं) करावं की स्प्रे ड्राइंग (द्रावण फवारून झटकन वाळवणं), असा तुझा प्रश्न आहे.

माझं उत्तर: आत्ता दोन्ही नको. आधी औषध नेमकं कुठे अडतंय ते शोध. गोळी फुटायला हवी, कण ओले व्हायला हवेत, ते विरघळायला हवेत, विरघळलेलं औषध द्रावणात टिकायला हवं, आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जायला हवं आणि यकृतातून शाबूत सुटायला हवं. यातली जी पायरी सर्वांत मंद, तिच्यावर घेतलेले कष्टच रक्तातल्या आकड्यांत दिसतात. बाकीच्या पायऱ्या कितीही सुधारल्या तरी आलेख जागचा हलत नाही. नवे लोक इथेच महिनोन्‌महिने घालवतात, कारण हाताशी एखादं यंत्र असतं आणि ते वापरायचा मोह होतो.

पहिला प्रयोग साधा आहे. उंदरांचे तीन गट कर: एकाला औषध शिरेतून, दुसऱ्याला तोंडावाटे द्रावण, तिसऱ्याला तोंडावाटे सस्पेन्शन (द्रवात तरंगणारे न विरघळलेले कण). द्रावण चांगलं शोषलं गेलं आणि सस्पेन्शन कमी पडलं, तर विरघळण्यातच अडचण आहे आणि ती फॉर्म्युलेशनने, म्हणजे औषधाचं रूप आणि जोडघटक बदलून, सुटू शकते. द्रावणही कमी पडलं, तर भिंतीतून जाणं किंवा यकृतातलं विघटन, यांच्यावर संशय घे. तिथे कण बारीक करून काही हाती लागणार नाही. एक सावधगिरी मात्र हवी. पीईजी ४०० या द्रावकात विरघळवलेलं औषध पोटातल्या पाण्याशी गाठ पडताच पुन्हा खाली बसू शकतं. म्हणून तेच द्रावण आधी ३७ अंशांच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) दहापट पातळ कर आणि थेंबभर घेऊन पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली पाहा. चमकणारे स्फटिक दिसले, तर ते ‘द्रावण’ म्हणून मोजू नकोस.

आता तुझ्या आकड्यांचा अर्थ. गोळीबरोबर ग्लासभर पाणी, म्हणजे २५० मिलिलीटर, धरायचं असा संकेत आहे. २०० मिलिग्रॅम त्यात पूर्ण विरघळायला मिलिलीटरमागे ०.८ मिलिग्रॅम विद्राव्यता लागते. पीएच ६.८ ला तुझ्याकडे तिचा चाळिसावा हिस्सा आहे. म्हणजे आतड्यात तो डोस विरघळवायला दहा लिटर पाणी हवं. याउलट पीएच १.२ ला ४० मिलिलीटर पुरतात. पीएच ४.५ ला, तुझ्या पीकेएवरून हिशेब केला तर, विद्राव्यता ०.०८ च्या आसपास येते. २५० मिलिलीटरमध्ये डोसचा फक्त दहावा भाग. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या पोटात पीएच ४ किंवा त्याहूनही वर असू शकतो. इट्राकोनाझोलच्या (बुरशीवरच्या) कॅप्सूल आणि कर्करोगावरचं डासाटिनिब अशा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांबरोबर कमी पडतात, त्याचं कारण हेच.

नोयस आणि व्हिटनी यांनी १८९७ मध्ये मांडलेलं समीकरण इथे कामी येतं. विरघळण्याचा वेग कणांच्या पृष्ठफळावर अवलंबून असतो, आणि द्रावण संपृक्त होण्यापासून अजून किती दूर आहे यावरही. १०० मायक्रॉनचे कण ५ मायक्रॉनवर आणलेस की तेवढ्याच वजनाचं पृष्ठफळ वीसपट होतं. पण कमाल मर्यादा, म्हणजे विद्राव्यता, जवळपास तिथेच राहते. काहीशे नॅनोमीटरच्या खाली ती थोडी वाढते, पण चाळीसपट नाही. ग्रिसिओफल्विन या बुरशीवरच्या औषधाचे कण बारीक केल्यावर निम्म्या डोसमध्ये काम भागू लागलं, कारण तिथे वेग अडत होता. तुझ्याकडे वेगाबरोबर मर्यादाही अडते आहे. भिंतीतून रेणू झपाट्याने जात असेल, तर विरघळलेलं सतत उपसलं जाऊन बारीक कणांचा काही फायदा होईल. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नकोस.

हे सगळं ज्या आकड्यावर उभं आहे, तो आकडाच आधी तपास. विद्राव्यता मोजताना चुका सर्रास होतात. बाटलीत इतकं औषध टाक की शेवटपर्यंत तळाशी गाळ दिसत राहील. ३७ अंशांवर किमान २४ तास हलव, पुन्हा ४८ तासांनी मोज. दोन आकडे जुळले तरच समतोल आला असं धर. शेवटी पीएच पुन्हा मोज, कारण बेस विरघळताना बफरचा पीएच वर ढकलतो आणि तू ४.५ म्हणून लिहिलेला आकडा खरं तर ५.३ चा असतो. गाळताना पहिले काही मिलिलीटर टाकून दे, कारण फिल्टरची पापुद्र्यासारखी चकती थोडं औषध स्वतःच धरून ठेवते, आणि मिलिलीटरमागे २० मायक्रोग्रॅमवर तेवढ्यानेही आकडा बिघडतो. गाळलेला नमुना लगेच मोबाइल फेजने (मोजणाऱ्या यंत्रातल्या वाहक द्रवाने) पातळ कर. तसाच खोलीच्या तापमानाला ठेवलास तर थंड होताना औषध बाहेर पडतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळाचा गाळ फेकू नकोस. तो ओला असतानाच एक्स-रे डिफ्रॅक्शनला (स्फटिकरचना ओळखणाऱ्या चाचणीला) लाव. सुरुवातीला टाकलेलं स्फटिकरूप तेच राहिलं, की हायड्रेट झालं (स्फटिकात पाणी शिरलं), की आम्लात हायड्रोक्लोराइड सॉल्ट (बेस आणि आम्ल जुळून होणारा क्षार) बनलं? तुझी ५ मिलिग्रॅमची विद्राव्यता कदाचित मूळ बेसची नसून त्या सॉल्टची असेल. पोटातल्या आम्लात क्लोराइड मुबलक असल्याने हायड्रोक्लोराइड सॉल्टची विद्राव्यता तिथे दबते, हेही लक्षात ठेव.

तुझ्यासारख्या रेणूची खरी कसोटी जठरातून आतड्यात जाताना लागते. आम्लात सुखाने विरघळलेलं औषध पीएच ६.५ ला येताच बाहेर पडतं. ते प्रयोगशाळेत असं बघ: २०० मिलिग्रॅम २५० मिलिलीटर ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर ३० मिनिटं ढवळ. मग तीव्र फॉस्फेट बफर घालून पीएच ६.५ वर आण. त्या बफरमध्ये पित्तक्षार आणि लेसिथिन घाल, म्हणजे शेवटच्या द्रावणात टॉरोकोलेट (हा पित्तक्षार) ३ मिलिमोलर आणि लेसिथिन ०.७५ मिलिमोलर होईल; उपाशीपोटी आतड्यातल्या द्रवाची ही रूढ नक्कल आहे. त्यानंतर ५, १०, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी नमुने काढ. साध्या बफरमध्ये पाहून निष्कर्ष काढू नकोस, कारण पित्तक्षार काही रेणूंना बराच वेळ धरून ठेवतात. हाच प्रयोग सुरुवातीचा पीएच ४.५ ठेवून पुन्हा कर. दोन आलेख शेजारी ठेवलेस की निम्मा निर्णय तिथेच होतो. औषध तासभर अतिसंपृक्त (विद्राव्यतेच्या मर्यादेपेक्षा जास्त विरघळलेलं) राहत असेल तर साधा सॉल्टही पुरेल. पाच मिनिटांत खाली येत असेल तर त्याला द्रावणात धरून ठेवणारा पॉलिमर (लांब साखळीचा रेणू) लागेल. आणि पीएच ४.५ वरून सुरुवात केल्यावर काहीच विरघळत नसेल, तर आम्लावर विसंबणारा कोणताही मार्ग काही रुग्णांच्या बाबतीत कोसळणार आहे, हे आजच कळेल.

सॉल्टबद्दल थोडक्यात: बेस आणि आम्ल यांच्या पीकेएमध्ये दोन-तीन एककांचं अंतर हवं, म्हणजे तुझ्यासाठी २ च्या खालचं आम्ल. आणि गोळीत क्रॉसकार्मेलोज सोडियम किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट असे जोडघटक असतील, तर ओलावा मिळताच सॉल्ट मोडून मूळ बेस परत येऊ शकतो. डिसोल्युशन (यंत्रात मोजलेलं औषधाचं विरघळणं) कारणाशिवाय घसरू लागलं की हे आधी तपास.

स्प्रे ड्राइंगकडे वळायचंच ठरलं, तर हे ध्यानात घे. त्यातून निघणारं अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेलं) औषध जास्त विरघळतं, कारण ते अस्थिर असतं. त्याचं अस्थिर असणं हाच फायदा आणि तीच भीती. पॉलिमर त्याला धरून ठेवतो. एचपीएमसी-एएस किंवा पीव्हीपी-व्हीए हा पॉलिमर घेऊन औषधाचं प्रमाण २० ते ३० टक्क्यांपासून सुरू कर. काचसंक्रमणाचं तापमान (ज्याच्या वर अमॉर्फस पदार्थ मऊ होऊ लागतो) साठवणीच्या तापमानापेक्षा निदान ५० अंश वर असावं असा ढोबळ नियम आहे, पण तो कोरड्या नमुन्याचा आकडा धरून वापरू नकोस. ओलावा ते तापमान चांगलंच खाली खेचतो. नमुने ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत उघडे ठेवून १, २ आणि ४ आठवड्यांनी पाहा. एक्स-रेला थोडेसे स्फटिक दिसत नाहीत, मायक्रोस्कोपला दिसतात, म्हणून दोन्ही कर. गोळीत डिस्पर्शनचा (औषध-पॉलिमरच्या या मिश्रणाचा) वाटा फार वाढला की गोळी फुटायच्या ऐवजी वरून जेल धरते आणि आतला भाग कोरडाच राहतो. म्हणून तो वाटा निम्म्याच्या आसपास रोखून डिसइंटिग्रंट (गोळी फोडणारा घटक) सढळ ठेवावा लागतो.

स्फटिकरूपाला कमी लेखू नकोस. रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये त्याचं एक नवं, अधिक स्थिर आणि बरंच कमी विरघळणारं स्फटिकरूप कॅप्सूलमध्ये प्रकट झालं. कॅप्सूल डिसोल्युशनमध्ये नापास होऊ लागल्या आणि त्या मागे घ्याव्या लागल्या. एचआयव्हीच्या रुग्णांना नवं फॉर्म्युलेशन येईपर्यंत कडवट द्रवरूपावर काढावं लागलं. बहुरूपांची चाचणी ‘नंतर पाहू’ म्हणून पुढे ढकलण्याची मुभा आपल्याला नाही, ती यामुळे.

यानंतर गोळी. इथेही अडचण शोधण्याची शिडी आहे: नुसतं औषध, ल्युब्रिकंट (मिश्रण साच्याला चिकटू न देणारी पूड) घालण्यापूर्वीचं मिश्रण, ल्युब्रिकंट घातल्यानंतरचं मिश्रण आणि दाबलेली गोळी, या चौघांचं डिसोल्युशन एकाच दिवशी, एकाच माध्यमात लाव. आलेख ज्या दोन पायऱ्यांमध्ये कोसळतो, दोष तिथे. ल्युब्रिकंटच्या आधी आणि नंतर फरक पडला, तर मॅग्नेशियम स्टिअरेट कणांवर पसरलं आहे. तेल चोपडलेल्या अंगावर पाणी ठरत नाही, तसं त्या कणांना पाणी चिकटत नाही. ते ०.५ ते १ टक्का घे, ६० नंबरच्या चाळणीतून काढ, सगळ्यात शेवटी घाल आणि दोन-तीन मिनिटांतच थांब. मिनिटांइतकेच ब्लेंडरचे एकूण फेरे आणि भांड्याचा आकारही नोंदव, कारण लहान ब्लेंडरमधली तीन मिनिटं मोठ्या ब्लेंडरमध्ये तशीच राहत नाहीत. मशीनचा फोर्स फीडरही (साच्यात मिश्रण ढकलणारी फिरती पाती) मिश्रण घुसळत राहतो, म्हणून बॅचच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या गोळ्या वेगवेगळ्या तपास. दाबल्यानंतरच घसरण दिसत असेल, तर गोळी किती वेळात फुटते ते बघ. दोन मिनिटांत फुटूनही ३० मिनिटांनी ४० टक्केच औषध बाहेर आलं, तर हार्डनेस कमी करून काही होणार नाही.

एक्सिपियंटला (गोळीतल्या जोडघटकाला) ‘निष्क्रिय’ समजू नकोस. १९६८-६९ मध्ये ऑस्ट्रेलियात फेनिटोइन या अपस्मारावरच्या औषधाच्या कॅप्सूलमधलं कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं गेलं. डोस तोच होता, पण शोषण वाढलं आणि रुग्णांना विषबाधा झाली. शिवाय लॅक्टोज काही अमाइन औषधांशी अभिक्रिया करून गोळी तपकिरी करतं. तुझ्या रेणूत प्राथमिक किंवा दुय्यम अमाइन असेल तर लॅक्टोज यादीतून आधीच काढ.

डिसोल्युशनच्या यंत्रावर विश्वास ठेवायचा तर ते नीट लावावं लागतं. पॅडल (ढवळणारं पातं) भांड्याच्या तळापासून २५ मिलिमीटर, दोन मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं. तापमान ३७ अंश, अर्ध्या अंशाच्या आत. माध्यमातली हवा काढायला ते ४१ अंशांपर्यंत तापव, निर्वातात ०.४५ मायक्रॉनमधून गाळ आणि पाच मिनिटं निर्वातातच ढवळत ठेव. नाहीतर बुडबुडे कणांना चिकटून त्यांना तरंगवतात. मिनिटाला ५० फेऱ्यांवर पॅडलखाली भुकटीचा शंकू साचलेला दिसला, तर तो आकडा फॉर्म्युलेशनचा नसून भांड्याचा आहे. ७५ वर एकदा करून पाहा. आणि आलेख सुंदर यावा म्हणून माध्यमात भरमसाट सोडियम लॉरिल सल्फेट (साबणासारखं द्रव्य) घालू नकोस. त्यात चांगली-वाईट प्रत्येक गोळी पास होते.

पद्धत पक्की करण्यापूर्वी मुद्दाम तीन वाईट बॅचेस बनव: एक जाड कणांची, एक वीस मिनिटं ल्युब्रिकंट घोळवलेली, एक फार कडक दाबलेली. तुझ्या पद्धतीने या तिन्ही पकडल्या नाहीत, तर पद्धत बदल. गोळीला हात लावू नकोस. त्या तीन आलेखांबरोबर आम्लातून आणि पीएच ४.५ वरून सुरू केलेले ते दोन आलेखही पाठव, म्हणजे स्प्रे ड्रायर खरंच लावायचा का, ते आपण ठरवू.