रक्तपेढीतले खासगी प्रश्न आणि कावीळ

प्रश्न : प्रत्येक पिशवी तपासतातच, मग टॅटू, इंजेक्शनं, लैंगिक संबंध असल्या चौकशा कशाला?

कारण विषाणू अंगात शिरल्यावर लगेच चाचणीत दिसत नाही. मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज; बी आणि सी हे ती आणणारे, रक्तातून पसरणारे विषाणू. हिपॅटायटिस सी विरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं, चाचणीत सापडायला साधारण 8 ते 10 आठवडे लागतात. तोवर रक्तात विषाणू भरपूर असतो आणि प्रतिपिंडांची चाचणी मात्र निगेटिव्ह येते. हिपॅटायटिस बीसाठी विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, म्हणजे एचबीएसएजी, शोधतात. तेही दिसायला महिनाभर लागू शकतो. विषाणूचा जनुकीय अंश थेट पकडणारी नॅट चाचणी हा काळ बराच आखडते, पण शून्यावर आणत नाही. शिवाय काही जणांत बीचा विषाणू इतका थोडा असतो की एचबीएसएजी निगेटिव्हच येतं. उरलेली ही फट फक्त तुमचं खरं उत्तर बुजवू शकतं. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळे काढून वेगवेगळ्या रुग्णांना देतात, हेही लक्षात असू द्या. आणि ‘या निमित्तानं आपली तपासणी होऊन जाईल’ म्हणून शंका असतानाही रक्त देणारे लोक असतात. मला सर्वांत जास्त धास्ती त्यांची वाटते. शंका असेल तर सरळ प्रयोगशाळेत जा.

प्रश्न : रक्त देताना मलाच हिपॅटायटिस होईल का?

नाही. सुई आणि पिशवी निर्जंतुक, एकदाच वापरायची. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा, त्यात संकोच कसला!

प्रश्न : लहानपणी कावीळ झाली होती. रक्तदान कायमचं बंद?

कोणती कावीळ, यावर अवलंबून आहे. कावीळ हे लक्षण आहे. जन्मल्यावर बाळाला होते ती किंवा पित्तनलिकेत खडा अडकून होणारी कावीळ संसर्गाची नव्हे. हिपॅटायटिस ए बहुधा दूषित पाण्या-अन्नातून होतो आणि बरा झाल्यावर मागे उरत नाही. बी आणि सी मात्र वर्षानुवर्षं मुक्काम ठोकू शकतात. नियम देशागणिक वेगळे आहेत. जुने कागद असतील तर डॉक्टरांना दाखवा. नसतील तर ‘माहीत नाही’ असंच सांगा.

प्रश्न : रक्तपेढीनं बोलावून ‘हिपॅटायटिस सी रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे पहिली चाचणी पॉझिटिव्ह, असं सांगितलं. मला काहीच त्रास नाही. चूक असेल का?

असू शकते. रक्तपेढीची चाचणी मुद्दाम अतिसंवेदनशील ठेवतात. एखादी चांगली पिशवी वाया गेली तरी चालेल, दूषित पिशवी सुटता कामा नये. म्हणून हे निदान नव्हे. पण त्रास नाही म्हणून गप्पही बसू नका, हा आजार बरीच वर्षं मुकाट्यानं यकृत पोखरतो. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंश, मोजणारी चाचणी करा. ती निगेटिव्ह आली तर सध्या संसर्ग नाही. पॉझिटिव्ह आली तरी धीर सोडू नका : बहुतेकांना 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि 95 टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात. प्रतिपिंडं मात्र नंतरही रक्तात राहतात, त्यामुळे रक्तदान सहसा बंदच.

प्रश्न : गेल्या आठवड्यात हिपॅटायटिस बीची लस घेतली. आज रक्त देऊ?

थांबा. लसीत असतं ते एचबीएसएजीच, त्यामुळे जवळजवळ तीन आठवड्यांपर्यंत चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. पिशवी फुकट जाईल आणि तुमच्या जिवाला घोर लागेल. किती थांबायचं ते रक्तपेढीला विचारा आणि लसीची तारीख फॉर्मवर लिहा.