माद्रिदहून लिस्बन, तेही वीस मिनिटांत?

प्रश्न : ताई, माद्रिदहून लिस्बनला जायचं तिकीट काढलंय. त्यावर निघायची वेळ १०.०० आणि पोहोचायची १०.२० दिली आहे. परतीच्या तिकिटावर मात्र १२.०० ते १४.१५. काही चूक झाली आहे का? शिवाय दोन्ही शहरांमधलं अंतर कुठे पाचशे किलोमीटर दिसतं, तर कुठे सव्वासहाशे. खरं कुठलं धरायचं?

उत्तर : तिकीट अगदी बरोबर आहे, निर्धास्त राहा. विमानाच्या तिकिटावर नेहमी त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. लिस्बनचं घड्याळ माद्रिदच्या एक तास मागे. तुम्ही १०.२० ला उतराल तेव्हा माद्रिदमध्ये ११.२० झालेले असतील. म्हणजे जाताना एक तास वीस मिनिटं, येताना सव्वा तास.

हा एक तास आला कुठून, हे मला आवर्जून सांगायचंय. सूर्याच्या हिशेबाने दोन्ही शहरांत जेमतेम बावीस मिनिटांचा फरक पडतो. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने स्पेनची घड्याळं तासभर पुढे करून जर्मनीच्या वेळेला जुळवली आणि पुढे ती वेळ तशीच राहिली. पोर्तुगालनेही १९९२ ते १९९६ मध्ये हीच वेळ लावून पाहिली. हिवाळ्यात मुलांना मिट्ट काळोखात शाळेला निघावं लागे. लोक कुरकुरले आणि घड्याळं परत मागे आली.

अंतराचे दोन्ही आकडे खरे. पाचशे हे सरळ हवाई अंतर, सव्वासहाशे हे सीमेजवळच्या बादाहोस शहरावरून जाणाऱ्या रस्त्याचं.

मग पाचशे किलोमीटरला सव्वा तास कशाला, असंही तुमच्या मनात येईल. वेळापत्रकाच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे आम्ही 'ब्लॉक टाइम' धरायचो : विमान गेटवरून हललं की मोजणी सुरू, दुसऱ्या गेटला लागलं की बंद. माद्रिदच्या बाराखास विमानतळाचा पसारा प्रचंड आहे, नुसतं धावपट्टीपर्यंत पोहोचण्यातच बरीच मिनिटं जातात. इतक्या छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण उंचीवर पोहोचतं न पोहोचतं तोच उतरायची तयारी सुरू होते, त्यामुळे पूर्ण वेगाने उडायला त्याला फार थोडा वेळ मिळतो. लिस्बनकडे जाताना पश्चिमेचा वारा बहुधा समोरून येतो, परतताना तोच पाठीशी असतो. तुमच्या तिकिटांतला पाच मिनिटांचा फरक त्याचाच.

एक मात्र कळकळीने सांगते. परतताना माद्रिदहून पुढचं विमान धरायचं असेल, तर मनगटावरचं घड्याळ लिस्बन सोडतानाच तासभर पुढे करा. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, पण तो विमानात बंद ठेवला असेल आणि उतरल्यावर नेटवर्क मिळालं नाही, तर तुम्हाला सव्वा वाजलेला दिसेल आणि गेटवर सव्वादोन झालेले असतील.