वाचकांचे प्रश्न : गडाला वेढा पडतो तेव्हा

डोंगरी किल्ल्यांच्या वेढ्यांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न (वाचक, घणसोली) : पुरंदरच्या वेढ्यात मोगलांनी मोठ्या तोफा डोंगरावर चढवल्या असं वाचलं. त्या चढवत कशा आणि त्यांनी तट पडायचा का?

उत्तर : चढ जिथे उभा होतो तिथे तोफेची नळी गाड्यावरून उतरवावी लागते. नळी ओंडक्यांच्या घसरगाडीवर बांधायची, पुढे बैल आणि माणसं दोराला, आणि हातभर पुढे सरकली की मागे लगेच दगडाची उटी. उटी लावायला क्षणभर उशीर झाला तर नळी मागच्या माणसांना घेऊनच खाली जाते. पुरंदरला दिलेरखानाने अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हहेली अशा तीन तोफा वर नेल्या. पहिलीला तीन दिवस लागले, दुसरीला साडेतीन.

या तोफा त्याने आधी पुरंदरवर लावल्याच नाहीत. भैरवखिंडीपलीकडचा वज्रगड आधी घेतला, कारण तिथून पुरंदरची माची माऱ्यात येते. मार्च १६६५ च्या अखेरीस मोर्चे लागले आणि १४ एप्रिलला वज्रगड पडला. वेढ्याचं पारडं त्याच दिवशी फिरलं, असं आमचं स्पष्ट मत आहे. किल्ल्याजवळ दुसरा डोंगर नसावा, असला तर सुरुंगाने फोडून गडाच्या आवाक्यात आणावा आणि तेही जमलं नाही तर तोही बांधून मजबूत करावा, असं आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात सांगितलं आहे. त्यामागचं कारण वज्रगडाकडे पाहिलं की लक्षात येतं.

आता तटाचं. सपाटीवरच्या किल्ल्याचा तट फुटला की त्याचाच राडारोडा खंदकात पडतो आणि हल्ला करणाऱ्याला आयती चढण मिळते. डोंगरावर तोच राडारोडा उतारावरून घरंगळत जातो. खिंडार पडतं, पण खाली कातळ तसाच उभा. शिवाय खालून वर मारा करताना तोफेचं तोंड उचलायला गाड्याचं शेपूट जमिनीत खोल घालावं लागतं, आणि प्रत्येक बारानंतर तोफ मागे उतारावर रेटली जाते. पुन्हा ओढा, पुन्हा नेम धरा. म्हणूनच मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंहांनी पुरंदरच्या सफेद बुरुजासमोर लाकडी दमदमा, म्हणजे तोफा ठेवायचा उंच मचाण, उभारला. बुरुजाच्या उंचीला पोचलं की तोफ आणि बंदूक समोरासमोर चालते. एवढं करूनही ११ जूनला शिवाजी महाराज मिर्झाराजांना भेटले तेव्हा पडले होते ते माचीचे बुरूज. बालेकिल्ला लढतच होता.

प्रश्न (वाचक, नौपाडा, ठाणे) : काळ्या कातळात सुरुंग खणत कसा?

उत्तर : अखंड कातळाच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. सह्याद्रीत कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल, ठिसूळ मातीचा पट्टा असतो, आणि बुरुजाच्या पोटात दगडमातीची भर असते. बेलदार, म्हणजे दगड फोडणारा कारागीर, शोधतो ती जागा. फळ्या आणि मातीच्या आडोशाने तटाच्या पायाशी पोचायचं, एक माणूस वाकून जाईल एवढंच भुयार खणायचं, तटाच्या बरोबर खाली कोठी करायची, तिच्यात दारूची पोती रचायची आणि वात बाहेर काढून भुयाराचं तोंड दगडमातीने घट्ट ठासायचं. फसतं ते इथेच. ठासण कमी पडली की स्फोट भुयारातूनच उलटा बाहेर येतो. कोठी तटाच्या आतल्या अंगाला गेली तर तट बाहेर कोसळतो.

साताऱ्याला १३ एप्रिल १७०० रोजी हेच घडलं. पहिल्या सुरुंगाने तट आत पडला आणि गडावरची बरीच माणसं दगावली. दुसऱ्याने मात्र तट बाहेर फेकला गेला. खाली हल्ल्यासाठी दाटीवाटीने उभे असलेले सुमारे दोन हजार मोगल त्याखाली गाडले गेले. आधी बत्ती आणि मग लोक पुढे, हा क्रम पाळला गेला नाही.

सुरुंग नीट उडाला तरी काम संपत नाही. चाकण हा भुईकोट, पण उदाहरण नेमकं आहे. १४ ऑगस्ट १६६० ला तिथला बुरूज उडाला, पण फिरंगोजी नरसाळ्याच्या लोकांनी मागे मातीचा बांध आधीच घातला होता. मोगलांना तो दिवस बाहेरच काढावा लागला आणि किल्ला दुसऱ्या दिवशी हाती आला. त्यांचे २६८ लोक पडले आणि ६०० जखमी झाले.

प्रश्न (वाचक, कळवा) : ट्रेकला गडावर टाकी दिसतात. त्यांतलं पाणी वेढ्यात किती दिवस पुरायचं?

उत्तर : गडावर गेलात की टेप लावून मोजा, हिशेब सोपा आहे. १५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि ८ फूट खोल टाकं म्हणजे १४४० घनफूट, साधारण ४० हजार लिटर. पिणं आणि रांधणं मिळून माणशी ५ लिटर धरले तर गडावरच्या २०० माणसांच्या शिबंदीला (पहाऱ्याच्या फौजेला) रोज एक हजार लिटर लागतं. म्हणजे ४० दिवस. पण उघड्या टाक्यातलं पाणी उन्हाळ्यात रोज अर्धा ते एक सेंटीमीटर उडून जातं आणि तळाचा गाळ पिण्याजोगा नसतो. प्रत्यक्षात तीसच दिवस धरा. एक बैल दिवसाला ३०-४० लिटर पितो, त्यामुळे वेढा लांबणार असं दिसलं की गडावरच्या जनावरांचाच विचार आधी करावा लागतो. खांबटाक्यात, म्हणजे कातळाच्या पोटात खांब ठेवून कोरलेल्या टाक्यात, ऊन जात नाही, पाणी टिकतं. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याला कोरलेली टाकी पाहा, सावलीची जागा किती विचाराने निवडली आहे ते कळेल.

वेढा घालणाऱ्याचाही हिशेब पावसाचाच. गडावर टाकी भरतात. खाली दारू दमट होते, ओढे अडवतात, बैल चिखलात बसतात. १७०२ च्या जूनमध्ये औरंगजेबाला विशाळगड मिळाला, तोही दोन लाख रुपये मोजून. तिथून पन्हाळ्यापर्यंतच्या तीसेक मैलांना त्याच्या लष्कराला ३८ दिवस लागले.

प्रश्न (वाचक, नेरूळ) : घोरपड लावून कडा चढत, हे खरं का?

उत्तर : नाही. घोरपडीची पकड कितीही चिवट असली तरी साठ-सत्तर किलोच्या माणसाचा झोका ती पेलत नाही. सिंहगडाबद्दल सभासद बखर सांगते ते सरळ आहे : दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ लावली आणि तिच्यावरून तीनशे माणूस चढलं. माळ म्हणजे दोराची शिडी.

प्रश्न (वाचक, खारघर) : आपल्या भागात वेढा समजून घ्यायला कोणता गड पाहावा?

उत्तर : मलंगगड. पीरमाची, वरची सोनेमाची आणि त्यावर बालेकिल्ला, हे तीन टप्पे डोळ्यांनी वेगळे दिसतात. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन ॲबिंग्टनने खालचा भाग घेतला, पण शिबंदी वर गेली आणि बालेकिल्ला त्याला मिळाला नाही. मग मराठ्यांची फौज बाहेरून आली आणि वेढा घालणाराच कोंडला गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्रजांच्याच हार्टलेने येऊन त्याला सोडवलं. पीरमाचीवर उभं राहून वर पाहा. वरच्या वाटेवर एका वेळी एकच माणूस चढू शकतो आणि त्याच्या डोक्यावर वरून दगड सोडायला दोन माणसं पुरतात.

दुसरा माहुली, आसनगावहून जवळ. फेब्रुवारी १६७० मध्ये मराठ्यांनी रात्री शिड्या लावल्या, पण मोगलांचा किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता आणि हल्ला मोठ्या नुकसानीने फसला. पुढे तो किल्लेदारी सोडून गेला आणि १६ जूनला मोरोपंतांनी गड घेतला. तट तोच होता, कडाही तोच. जाताना भांडारगड आणि पळसगड यांच्यामधल्या खिंडी नीट पाहा आणि एवढ्या लांबीवर रात्रपाळीला किती पहारेकरी लागतील ते मोजा. दर पन्नास पावलांवर एक धरलात तरी आकडा मोठा येतो.