कडेला तांबे दिसणारे रोमन चांदीचे नाणे बनावटच असते का?

आजोबांच्या पेटीत मिळालेल्या नाण्याच्या एका बाजूला पानांचा मुकुट घातलेले, उजवीकडे पाहणारे डोके आणि दुसऱ्या बाजूला आसनस्थ स्त्री आहे, वजन 3.1 ग्रॅम भरते, आणि कडेला तांबे दिसल्यामुळे सराफाने ते बनावट ठरवले, असे आपण लिहिले आहे. नाणे हाती घेतल्याशिवाय अंतिम मत देणे योग्य नाही, परंतु सराफाचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

वर्णनावरून हे सम्राट टिबेरियसच्या (इ.स. 14 ते 37) देनारियस या नाण्यासारखे दिसते. स्त्रीच्या दोन्ही बाजूंस ‘पॉन्टिफ मॅक्सिम’, म्हणजे श्रेष्ठ पुरोहित, ही लॅटिन अक्षरे आहेत का ते पाहावे. ही नाणी आजच्या फ्रान्समधील लियाँ येथील टांकसाळीत पाडली जात, आणि ती स्त्री सम्राटाची आई लिव्हिया असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टिबेरियस यांचीच नाणी सर्वाधिक असल्यामुळे ते जुन्या पेटीत निघणे अशक्य नाही.

आता तांब्याविषयी. टांकसाळीच्या चांगल्या नाण्याचे वजन साधारण 3.6 ते 3.8 ग्रॅम असते, म्हणजे आपले नाणे हलके आहे. मात्र तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून, त्यावर ठसे मारून खोटी नाणी पाडण्याचा उद्योग खुद्द रोमन काळातही चालत असे. असे नाणे त्या काळी बनावट असले, तरी आज ते दोन हजार वर्षांपूर्वीची अस्सल पुरावस्तू आहे, आणि संग्राहक ते आवडीने जपतात. दहापट भिंगातून कडा पाहिल्यास अशा नाण्यात पत्र्याची जाडी आणि फाटलेली किनार दिसते, तसेच तांब्याचा हिरवा गंज आतून फुगून चांदीला वर उचलताना दिसतो. अलीकडे विजेच्या साहाय्याने दिलेला मुलामा अतिशय पातळ आणि एकसारखा असतो, तो आधी नाक, गाल अशा उंच भागांवर झिजतो आणि खालचे तांबे गुळगुळीत निघते. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या कडेतच आहे.

आतील धातूचा अंदाज घरीही घेता येतो. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि बारीक दोऱ्याने नाणे तळाला न टेकवता पूर्ण बुडवावे. 3.1 ग्रॅमचे नाणे चांदीचे असल्यास काटा सुमारे 0.30 दाखवील, तांब्याचे असल्यास 0.35 च्या आसपास. फटींत हवा अडकली तर आकडा फसवा येतो, म्हणून मोजणी अनेकदा करावी.

ओतीव नकलेची लक्षणे वेगळी असतात: कडेभोवती सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, आणि साबणासारखी बोथट अक्षरे. ठसा मारलेल्या नाण्यात अक्षरांच्या कडा सरळ उठतात आणि धातू बाहेरच्या दिशेने ताणल्याच्या रेषा दिसतात.

अक्षरे अर्थहीन वाटली, तर आणखी एक शक्यता उरते. रोमन नाण्यांच्या नकला प्राचीन भारतातही होत असत, आणि आपल्या तेर येथे तर टिबेरियसच्या नाण्यावरून घडवलेली मातीची पदकेही मिळाली आहेत. लॅटिन न जाणणाऱ्या कारागिराने अक्षरांची केवळ नक्षी उतरवलेली असते. अशी नक्कल निघाली, तर मला ती टांकसाळीच्या नाण्याहूनही मोलाची वाटेल.

तोपर्यंत चिंच, लिंबू, पॉलिश यांपैकी काहीही लावू नका, कारण गंजाबरोबर पुरावाही जाईल. दोन्ही बाजूंची आणि विशेषतः कडेची स्पष्ट छायाचित्रे तिरप्या उजेडात काढून, मोजलेल्या व्यासासह येथे द्यावीत. परदेशी लिलावगृहाकडे मात्र ते तपासणीसाठीही पाठवू नये. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.